वॉल्टर कॅम्प

वॉल्टर चॉन्सी कॅम्प (जन्म : ७ एप्रिल, इ.स. १८५९, न्यू ब्रिटन, कनेटिकट. मृत्यू : १४ मार्च, इ.स. १९२५, न्यू यॉर्क) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू, प्रशिक्षक, क्रीडालेखक आणि नियमकर्ते होते. अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू, चेंडूवरील निर्विवाद ताबा, ठरावीक संधींत ठरावीक अंतर कापण्याची अट आणि गुणांची पद्धत ही या खेळाची मूळ चौकट प्रामुख्याने त्यांच्या सूचनांमधून उभी राहिली. मात्र आज ज्यासाठी हा खेळ सर्वाधिक ओळखला जातो, तो पुढे फेकलेला चेंडू म्हणजेच फॉरवर्ड पास, कॅम्प यांच्या इच्छेविरुद्ध इ.स. १९०६ मध्ये नियमांत आला. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे, पास कोणता, तो कोणी झेलावा, तो पूर्ण केव्हा मानावा आणि अपूर्ण राहिल्यास शिक्षा काय, हे ठरवणाऱ्या समितीत ते काम करत होते.

खेळाचे स्वरूप आणि पास

कॅम्प यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल हा नावाने फुटबॉल असला तरी त्याचे मूळ रग्बीत आहे. चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. चढाई करणाऱ्या संघाला आजच्या नियमांनुसार चार संधी मिळतात. प्रत्येक संधीस डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड पुढे सरकता आले तर नव्या चार संधी मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. दोन्ही संघ ज्या काल्पनिक रेषेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभे राहतात, तिला स्क्रिमेजची रेषा म्हणतात.

या रेषेच्या मागून प्रत्येक डाउनमध्ये एकदाच चेंडू हाताने पुढे फेकता येतो. सोबत्याने तो जमिनीला लागण्यापूर्वी हद्दीत झेलला तर पास पूर्ण होतो आणि खेळ तिथून पुढे चालू राहतो. चेंडू जमिनीला लागला किंवा हद्दीबाहेर गेला तर पास अपूर्ण ठरतो. चेंडू पूर्वीच्या जागी परत आणला जातो आणि एक डाउन खर्ची पडतो. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ताबा त्याचा. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु झेल पूर्ण केव्हा झाला हा प्रश्न या खेळातील सर्वांत वादग्रस्त प्रश्नांपैकी एक आहे. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाचा चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा असल्याशिवाय झेल ग्राह्य धरला जात नाही, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये याच कसोटीच्या वेळी झेलणाऱ्याच्या अंगावर दोन-तीन धिप्पाड प्रतिस्पर्धी कोसळत असतात, एवढा फरक आहे.

बालपण आणि शिक्षण

कॅम्प यांचा जन्म न्यू ब्रिटन येथे झाला आणि बालपण न्यू हेवन या विद्यापीठनगरीत गेले. वडील लेव्हरेट कॅम्प हे शिक्षक होते. हॉपकिन्स ग्रामर स्कूलमधून शालेय शिक्षण संपवून कॅम्प इ.स. १८७६ मध्ये येल विद्यापीठात दाखल झाले व इ.स. १८८० मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी येलच्याच वैद्यकीय शाखेत प्रवेश घेतला, पण ते शिक्षण पूर्ण केले नाही. विद्यार्थ्यांना त्या काळी कितीही वर्षे संघात राहता येत असे. त्यामुळे पदवीनंतरही ते येलकडून खेळत राहिले. ते हाफबॅक म्हणून खेळत आणि एकाहून अधिक हंगामांत संघाचे कर्णधार होते.

होबोकेन येथील सामना

त्यांच्या पहिल्याच हंगामातील एक घटना पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ३० नोव्हेंबर १८७६ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, न्यू जर्सीतील होबोकेन येथे येल आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला. चेंडू घेऊन धावणाऱ्या कॅम्प यांना प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. खाली पडता पडता त्यांनी चेंडू पुढे असलेल्या ऑलिव्हर थॉम्पसन या सोबत्याकडे फेकला आणि थॉम्पसन यांनी तो घेऊन टचडाउन केले. तेव्हाच्या रग्बीधर्तीच्या नियमांत चेंडू हाताने पुढे फेकण्यास मनाई होती. प्रिन्स्टनने अर्थातच हरकत घेतली. एका वृत्तान्तानुसार, पंचांनी नाणे उडवून निर्णय केला आणि टचडाउन कायम ठेवले. या खेळातील फॉरवर्ड पासच्या अगदी आरंभीच्या ज्ञात नोंदींपैकी ही एक असून ती पासला पुढे विरोध करणाऱ्या माणसाच्या नावावर आहे. पंचांवर नाणे उडवण्याची पाळी आली, यावरून त्या काळी नियमांची अवस्था काय होती हेही दिसते.

नियमकर्ता : ताब्याची कल्पना

इ.स. १८७० च्या दशकात प्रत्येक महाविद्यालयाचा खेळ वेगळा असे. ते एका नियमावलीखाली आणण्यासाठी प्रतिनिधींच्या बैठका मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे मॅसासॉइट हाउसमध्ये भरत. कॅम्प विद्यार्थिदशेतच या बैठकांना जाऊ लागले. पंधराऐवजी अकरा खेळाडू असावेत ही त्यांची सूचना इ.स. १८७८ मध्ये फेटाळली गेली, परंतु इ.स. १८८० मध्ये ती संमत झाली.

त्याच वर्षी संमत झालेली दुसरी सूचना अधिक मूलगामी होती. रग्बीत पकडला गेलेला खेळाडू चेंडू सोडतो आणि दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून तो मिळवण्यासाठी झटतात. चेंडू कोणाकडे जाईल याची खात्री नसते. कॅम्प यांच्या सूचनेनुसार चेंडू ज्या संघाकडे असेल त्याच्याकडेच राहील, त्या संघाचा मधला खेळाडू तो पायाने मागे सरकवील आणि मागचा खेळाडू तो उचलून खेळ सुरू करील, असे ठरले. मागे चेंडू घेणाऱ्या या खेळाडूला क्वार्टरबॅक हे नाव पडले. रग्बीपासून हा खेळ वेगळा झाला तो मुख्यतः या एका नियमाने. ताबा ही गोष्ट झटापटीवर न सोडता नियमाने निश्चित करायची, हा त्यामागील विचार होता. पुढे झेल पूर्ण की अपूर्ण हा प्रश्न निर्माण झाला, तोही याच विचाराच्या पोटात. ताबा कोणाचा हे प्रत्येक क्षणी ठरवायचे असेल, तर तो कोणत्या क्षणी मिळाला हेही ठरवावेच लागते.

या नियमाची उणीव लवकरच उघडी पडली. इ.स. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात एका संघाने पूर्वार्धभर आणि दुसऱ्याने उत्तरार्धभर चेंडू आपल्याकडेच दाबून ठेवला. सामना शून्य-शून्य असा संपला आणि प्रेक्षक वैतागले. त्यावर उपाय म्हणून इ.स. १८८२ मध्ये कॅम्प यांनी डाउनचा नियम सुचवला. लागोपाठ तीन डाउनमध्ये संघाने पाच यार्ड पुढे जावे किंवा दहा यार्ड मागे हटावे, नाहीतर चेंडू द्यावा, असे ठरले. अंतर मोजता यावे म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर आडव्या रेषा आखल्या गेल्या. त्या मांस भाजण्याच्या लोखंडी जाळीसारख्या दिसत, म्हणून मैदानाला इंग्रजीत त्या जाळीचेच नाव, ग्रिडायर्न, मिळाले. इ.स. १८८३ मध्ये गुणांची आकडेवार पद्धतही आली. तोवर कोणत्या प्रकारचा गोल मोठा यावर वाद घालूनच सामन्यांचे निकाल लागत.

व्यवसाय, प्रशिक्षण आणि लेखन

उपजीविकेसाठी कॅम्प यांनी घड्याळांच्या व्यवसायात प्रवेश केला. न्यू हेवन क्लॉक कंपनीत ते चढत चढत इ.स. १९०३ मध्ये अध्यक्षपदी पोहोचले. येल संघाचे मार्गदर्शन त्यांनी वेतन न घेता केले. ३० जून १८८८ रोजी त्यांचा विवाह ॲलिस ग्रॅहम सम्नर यांच्याशी झाला. येलमधील ख्यातनाम समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर हे त्यांचे सावत्र बंधू. दुपारच्या सरावाच्या वेळी कॅम्प कचेरीत असत, म्हणून ॲलिस मैदानावर जात, प्रत्येक खेळाडूचा खेळ पाहून टिपणे घेत आणि संध्याकाळी घरी त्या टिपणांवर चर्चा होई. त्या वर्षी येलने तेरा सामने खेळले, तेराही जिंकले आणि ६९८ गुण मिळवताना प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. खेळाच्या इतिहासात ॲलिस कॅम्प यांच्या वाट्याला मिळायला हवे होते तेवढे श्रेय आलेले नाही. इ.स. १८८८ ते १८९२ या पाच हंगामांत येलने ६७ सामने जिंकले व केवळ २ गमावले. त्यानंतर कॅम्प यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघालाही काही हंगाम मार्गदर्शन केले.

इ.स. १८८९ पासून, प्रारंभी कॅस्पर व्हिटनी यांच्या सहकार्याने, देशातील उत्कृष्ट अकरा खेळाडूंचा काल्पनिक संघ जाहीर होऊ लागला. ऑल-अमेरिका संघ ही ती प्रथा आजही चालू आहे. कॅम्प यांची या खेळावरील पुस्तके व असंख्य लेख प्रसिद्ध झाले आणि दरवर्षीची अधिकृत नियमपुस्तिकाही त्यांच्या संपादनाखाली निघे. खेळ पाहिलेला नसताना केवळ त्यांचे लेखन वाचून संघ उभारणारी महाविद्यालये पश्चिमेत आणि दक्षिणेत होती.

हिंसाचार आणि टीका

डाउनच्या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. तीन डाउनमध्ये पाचच यार्ड जायचे असल्याने संघ एकवटून, एकमेकांचे हात धरून, प्रतिपक्षाच्या एकाच जागेवर धडका देऊ लागले. इ.स. १८८८ मध्ये कमरेखाली पकडण्यास परवानगी मिळाली, तीही कॅम्प यांच्याच पुढाकाराने, आणि मोकळ्या मैदानात धावणे आणखी अवघड झाले. संरक्षक टोपी नाममात्र किंवा नाहीच, अशा स्थितीत ही झुंडीची टक्कर जीवघेणी ठरू लागली. टीका वाढली तेव्हा माजी खेळाडूंकडे प्रश्नावल्या पाठवून मिळालेल्या उत्तरांवर आधारित एक ग्रंथ कॅम्प यांनी इ.स. १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. खेळ एकूण हितकारक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रतिकूल उत्तरे त्यांनी वगळली वा सौम्य केली, असा आक्षेप नंतरच्या संशोधकांनी मूळ कागदपत्रे पाहून घेतला आहे. त्यांच्या चरित्रातील ही उणी बाजू आहे. येलच्या क्रीडानिधीत सुमारे एक लाख डॉलर साठले असल्याची गोष्ट इ.स. १९०६ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आली, तेव्हाही निधीचे व्यवहार पाहणारे म्हणून त्यांच्यावर टीका झाली.

मैदान मोकळे करण्याचा उपाय म्हणून फॉरवर्ड पासचा पुरस्कार करणाऱ्यांत दक्षिणेतील प्रशिक्षक जॉन हाइसमन हे अग्रणी होते. इ.स. १८९५ मध्ये अटलांटा येथे जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सामन्यात एका अडचणीत सापडलेल्या खेळाडूने चेंडू पुढे फेकलेला त्यांनी पाहिला. पंचांचे तिकडे लक्ष नव्हते, त्यामुळे त्यावर झालेले टचडाउन टिकले. चेंडू गर्दीच्या डोक्यावरून गेला तर गर्दीच उरणार नाही, हे हाइसमन यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी कॅम्प यांना पत्रे लिहून पास कायदेशीर करण्याची विनंती केली. त्यांना अनुकूल प्रतिसाद मिळाला नाही. डोके आणि शिस्त यांच्या बळावर इंचाइंचाने जमीन जिंकणे, असा खेळ कॅम्प यांना अभिप्रेत होता. हवेत भिरकावलेल्या चेंडूत त्यांना नशिबाचा भाग अधिक दिसे.

इ.स. १९०५ चा पेचप्रसंग

इ.स. १९०५ चा हंगाम निर्णायक ठरला. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या गणतीनुसार त्या हंगामात शाळा, महाविद्यालये आणि इतरत्र मिळून १८ खेळाडू मरण पावले. ९ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. येलच्या वतीने कॅम्प उपस्थित होते. रूझवेल्ट स्वतः खेळाचे चाहते होते आणि त्यांचा मुलगा हार्वर्डच्या प्रथम वर्षाच्या संघात खेळत होता. बैठकीनंतर नियम प्रामाणिकपणे पाळण्याचे निवेदन काढण्यात आले, पण मैदानावर फारसे काही बदलले नाही. २५ नोव्हेंबर रोजी युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर हा खेळाडू न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना प्राणघातक जखमी झाला. त्यानंतर त्या विद्यापीठाचे कुलगुरू हेन्री मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची परिषद बोलावली. डिसेंबरअखेरच्या परिषदेतून एक नवी संघटना आणि स्वतंत्र नियम समिती निर्माण झाली. हीच संघटना पुढे एन.सी.ए.ए. या नावाने ओळखली जाऊ लागली.

कॅम्प यांच्या जुन्या समितीला हे आव्हान होते. जानेवारी १९०६ मध्ये दोन्ही समित्या एकत्र आल्या आणि चिटणीसपद कॅम्प यांच्याकडून हार्वर्डचे प्रशिक्षक बिल रीड यांच्याकडे गेले. सुधारणा न झाल्यास हार्वर्ड हा खेळच बंद करील, अशी टांगती तलवार रीड यांनी वापरली. कॅम्प यांचा उपाय साधा होता : तीन डाउनमध्ये पाचऐवजी दहा यार्डांची अट घालावी, म्हणजे नुसत्या धडकांनी भागणार नाही आणि खेळ आपोआप पसरेल. मैदान रुंद करावे, अशीही एक सूचना होती. तथापि हार्वर्डचे काँक्रीटचे प्रेक्षागार तीनच वर्षांपूर्वी बांधून झाले होते आणि ते मैदानाला इतके लगटून होते की रुंदी वाढवणे शक्य नव्हते. शेवटी दहा यार्डांचा नियम आला आणि त्याच्या जोडीला फॉरवर्ड पासही आला. एका खेळाचे भवितव्य काही अंशी सिमेंटच्या भिंतीने ठरावे, ही गोष्ट विलक्षण खरीच.

पूर्ण आणि अपूर्ण पासचे पहिले नियम

इ.स. १९०६ चा पास आजच्या पासाहून फार निराळा होता. चेंडू स्क्रिमेजच्या रेषेमागूनच आणि जिथून खेळ सुरू झाला त्या जागेपासून डावीकडे किंवा उजवीकडे किमान पाच यार्ड सरकूनच फेकता येई. हे तपासता यावे म्हणून मैदानावर उभ्या रेषाही आखाव्या लागल्या आणि जाळीचे मैदान बुद्धिबळाच्या पटासारखे दिसू लागले. चेंडू झेलण्याचा अधिकार रांगेच्या दोन टोकांच्या आणि रांगेमागील खेळाडूंनाच होता. पास कोणाचाही हात न लागता जमिनीवर पडला, तर डाउन गमावून भागत नसे. चेंडूच प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागे. पात्र खेळाडूचा हात लागून चेंडू सुटला, तर तो मोकळा मानला जाई आणि त्यावर दोन्ही संघ तुटून पडत. चेंडू कोणाला न लागता गोलरेषेपलीकडे गेला तरी ताबा जाई.

या अटींचा पहिला प्रत्यय ५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे आला. एडी कोकम्स यांच्या मार्गदर्शनाखालील सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन यांनी कॅरल कॉलेजविरुद्ध पास टाकला. तो अपूर्ण राहिला आणि नियमाप्रमाणे चेंडू कॅरलकडे गेला. नंतर त्याच सामन्यात रॉबिन्सन यांनी टाकलेला वीस यार्डांचा पास जॅक श्नायडर यांनी झेलून टचडाउन केले. अधिकृतपणे पूर्ण झालेला पहिला कायदेशीर पास म्हणून तो ओळखला जातो. पूर्वेकडील मोठ्या विद्यापीठांनी मात्र या शस्त्राकडे बराच काळ संशयानेच पाहिले. एक झेल सुटला की ताबा जातो, हे पाहता त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही.

इ.स. १९०७ मध्ये शिक्षा थोडी सौम्य झाली. पहिल्या वा दुसऱ्या डाउनवर पास अपूर्ण राहिल्यास पंधरा यार्ड मागे जावे लागे. तिसऱ्या डाउनवर मात्र ताबा जाई.

इ.स. १९०९ मध्ये वेस्ट पॉइंटचा छात्र यूजीन बर्न आणि व्हर्जिनियाचा आर्चर ख्रिश्चन यांच्यासह अनेक खेळाडू पुन्हा प्राणास मुकले. १९०६ च्या सुधारणा अपुऱ्या होत्या, हे उघड झाले. समितीत पुन्हा दोन तट पडले. पास काढून टाकावा किंवा आणखी जखडावा, या मताच्या बाजूने कॅम्प होते. पास टिकला, मात्र तडजोडी होऊन. इ.स. १९१० च्या नियमांनुसार चेंडू रेषेच्या पाच यार्ड मागून फेकावा लागे आणि रेषेपलीकडे वीस यार्डांहून लांब फेकलेला पास ग्राह्य नसे. याच्या बदल्यात रांगेत किमान सात खेळाडू ठेवण्याची सक्ती झाली, सोबत्याला ढकलण्या-ओढण्यावर बंदी आली आणि पास झेलू पाहणाऱ्याला संरक्षण मिळाले. पाच यार्ड बाजूला सरकण्याची अट गेली, तशा मैदानावरील उभ्या रेषाही गेल्या. झेलणाऱ्याला चेंडू येण्यापूर्वी पाडता येणार नाही, हा नियम किती महत्त्वाचा होता हे सांगायला नको. त्याच्याशिवाय पूर्ण पास ही केवळ कागदावरची गोष्ट राहिली असती.

इ.स. १९१२ मध्ये वीस यार्डांची मर्यादा रद्द झाली. मैदान १०० यार्डांचे झाले, दोन्ही टोकांना गोलरेषेपलीकडे दहा यार्डांचा पट्टा म्हणजे एंड झोन जोडला गेला आणि तिथे झेललेला पासही टचडाउन ठरू लागला. टचडाउनचे गुण सहा झाले आणि चौथा डाउन मिळाला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, नोटर डेमच्या गस डोरेस यांनी वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीविरुद्ध टाकलेल्या १७ पासांपैकी १४ पूर्ण झाल्याची नोंद आहे. ते झेलणाऱ्यांत नूट रॉकनी होते. नोटर डेमने सामना ३५-१३ असा जिंकला. पास हे आता केवळ निकडीच्या वेळचे शस्त्र उरले नव्हते. बदलत्या खेळाचा वृत्तान्त कॅम्प वृत्तपत्रे-नियतकालिकांतून वाचकांना समजावून देत राहिले आणि मत विरुद्ध पडले म्हणून त्यांनी समिती सोडली नाही. पास मान्य झाल्यावर त्याचे नियम नीट, नेमके आणि पंचांना राबवता येतील असे असावेत, यासाठी त्यांनी शेवटपर्यंत बैठकांत भाग घेतला.

महायुद्ध आणि व्यायामप्रसार

पहिल्या महायुद्धात कॅम्प यांनी अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षण तळांवरील क्रीडाविभागाची जबाबदारी सांभाळली. वयस्क नागरिकांसाठी त्यांनी न्यू हेवन येथे व्यायामपथकही चालवले. बारा सुलभ व्यायामांचा त्यांचा संच डेली डझन या नावाने अत्यंत लोकप्रिय झाला. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून सूचना ऐकत लोक घरोघरी हे व्यायाम करीत. त्या पिढीतील फुटबॉल न पाहणाऱ्या अमेरिकनांना कॅम्प हे नाव यामुळेच ठाऊक होते.

मृत्यू

मार्च १९२५ मध्ये नियम समितीची बैठक न्यू यॉर्क येथे भरली होती. १४ मार्च रोजी सकाळी कॅम्प बैठकीस आले नाहीत. सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा ते हॉटेलातील आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते. ते ६५ वर्षांचे होते. न्यू हेवनच्या ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

पश्चात

पासविषयी समितीच्या मनातील संशय कॅम्प यांच्याबरोबर संपला नाही. इ.स. १९२६ मध्ये एकाच डाउनमालिकेतील पहिल्यानंतरच्या प्रत्येक अपूर्ण पासासाठी पाच यार्डांची शिक्षा लावण्यात आली, ती इ.स. १९३४ मध्ये रद्द झाली. त्याच सुमारास चेंडूचा घेर कमी करण्यात आला आणि तो एका हाताने फेकणे सोपे झाले. पाच यार्ड मागून फेकण्याची अट व्यावसायिक खेळातून इ.स. १९३३ मध्ये व महाविद्यालयीन खेळातून इ.स. १९४५ मध्ये गेली. पास टाकणाऱ्या संघातील एकाचा हात लागलेला चेंडू मधे प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याखेरीज त्याच संघातील दुसऱ्याने झेलू नये, हा जुन्या वळणाचा निर्बंध व्यावसायिक खेळात इ.स. १९७८ पर्यंत टिकला. २३ डिसेंबर १९७२ रोजी पिट्सबर्ग आणि ओकलंड यांच्या सामन्यात दोन खेळाडूंच्या टकरीतून उडालेला चेंडू फ्रँको हॅरिस यांनी जमिनीलगत झेलला आणि सामना जिंकून दिला. चेंडूला शेवटचा स्पर्श कोणाचा झाला, यावर झेलाची वैधता अवलंबून होती. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

व्यावसायिक खेळात झेल पूर्ण होण्यासाठी इ.स. २०१८ पासून तीन गोष्टी पाहिल्या जातात : चेंडूवर हातांचा वा बाहूंचा पक्का ताबा, दोन्ही पाय किंवा शरीराचा हातांखेरीज अन्य भाग हद्दीत जमिनीला टेकणे, आणि त्यानंतर तिसरे पाऊल टाकणे, चेंडू पुढे करणे यांसारखी खेळाची एखादी कृती, निदान ती करण्याइतका अवधी. महाविद्यालयीन खेळात एकच पाय हद्दीत असणे पुरते. त्याआधीच्या शब्दरचनेनुसार, झेलताना पडणाऱ्या खेळाडूने जमिनीवर आपटल्यानंतरही ताबा टिकवणे आवश्यक होते. तिच्यामुळे इ.स. २०१० मध्ये डेट्रॉइटचे कॅल्व्हिन जॉन्सन आणि जानेवारी २०१५ मध्ये डॅलसचे डेझ ब्रायंट यांचे झेल अपूर्ण ठरले. देशभर चर्चा होऊन अखेर नियमाची भाषा बदलण्यात आली.

येलच्या मैदानाबाहेर कॅम्प यांच्या स्मरणार्थ उभारलेले भव्य प्रवेशद्वार इ.स. १९२८ मध्ये समर्पित झाले. त्यासाठी देशभरातील शेकडो महाविद्यालये व शाळांनी वर्गणी दिली होती. इ.स. १९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. इ.स. १९६७ मध्ये न्यू हेवन येथे स्थापन झालेले वॉल्टर कॅम्प फुटबॉल प्रतिष्ठान दरवर्षी ऑल-अमेरिका संघ आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू यांची निवड करते. कॅम्प यांचा पत्रव्यवहार व कागदपत्रे येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत.